कीप म्हणजे राखणं

वडीगोद्री, ता. अंबड
६ जुलै २०२५

मामा, जय भीम.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन लावायची तुम्हाला लाज वाटते, म्हणून हे पत्र. जिच्या घरी मी खोली घेतलीय ती आसिफा चाची मला हसते. म्हणते, "अगे बाई, अब कौन खत लिखता?" मी तिला सांगितलं, माझे मामा इंग्रजीचे मास्तर होते. मोबाइलवरचा मजकूर दाखवला की त्यांना निरोप दिसत नाही, चुका दिसतात.

तर मी रुजू झाले. वडीगोद्रीहून आत वस्तीवरची शाळा, जिथे तुम्ही उमेदीची वर्षं काढलीत, तीच. खिचडी शिजवणाऱ्या कांताबाईंना कळलं की मी राजानंद गुरुजींची भाची, तेव्हापासून माझ्या ताटात वाढताना त्यांचा हात सैल सुटतो. एक खोली गळते, म्हणून सहावी आणि सातवी एकाच खोलीत कोंबलीय. पोरं मांडीला मांडी लावून बसतात.

तुम्ही मला शिकवलंत तसंच मी क्रियापदांपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी फळ्यावर 'कीप' लिहिलं आणि म्हटलं, कुणाला याचं वाक्य येतं का? मला वाटलं, सगळे खाली बघतील. पण अख्खा वर्ग उभा राहिला आणि प्रार्थनेच्या चालीवर एका सुरात म्हणाला, "कीप मीनाज प्लेस."

अर्थही पाठ होता. मीनाची जागा राखा. मी विचारलं, कोण मीना? हजेरीत मीना नाही. एकानं खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीखाली, तिसऱ्या ओळीत, एका मुलीपुरती फरशी रिकामी आहे. तिथे बारदानाची घडी घातलेली. वर्गात मुंगीला शिरायला जागा नाही, पण तिथे कुणी बसत नाही.

आणि इकडे रूपाली नावाची सातवीतली मुलगी उंबऱ्यावर बसते. मार्चमध्ये आईवडलांबरोबर ऊसतोडीहून परत आली, तोवर तिची जागा भरून गेली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. पाऊस आला की बाहेरची बाजू भिजते आणि ती तशीच लिहीत राहते. मी तिला म्हटलं, जा, तिथे बस. ती गेली, बसली. दोन्हीकडची पोरं तिच्यापासून लांब सरकली, तसा तिचा चेहरा उतरला. उठली आणि दप्तर घेऊन पुन्हा उंबऱ्यावर. शेजारची पोरगी मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "ती जागा धरेल हाये, मॅडम."

मामा, ही मीना कोण?

तुमची,
सुमेधा

धावडा, ता. भोकरदन
१७ जुलै २०२५

सुमेधा,

तुझं पत्र आलं आणि मी चहा थंड होऊ दिला. घरातल्यांना वाटलं काही वाईट बातमी आहे. मी म्हटलं, उलट आहे.

आधी शिकवणी, मग गोष्ट. ती सवय माझी जायची नाही. इंग्रज माणूस आळशी. आपण शेळी पाळतो, शब्दही पाळतो, शेत राखतो, पैसे ठेवतो, एसटीत रुमाल टाकून जागा धरतो, म्हाताऱ्याची तब्येत जपतो. तो या सगळ्याला एक 'कीप' जुंपतो आणि मोकळा होतो. बरं, तेवढ्यावर थांबत नाही. माझ्यासारखा माणूस सारखा खोकत राहिला, तर त्या राहण्यालाही कीप. आणि 'कीप क्वाएट' तर आपल्या पोरांना एबीसीडीच्या आधी येतं, कारण ते छडीबरोबर येतं. म्हणून माझं म्हणणं असायचं, पोरांना अर्थ पाठ करायला लावू नका. कोण, काय आणि कशासाठी ठेवतोय, ते विचारा. क्रियापद आपोआप उमगतं.

आता मीना. तुमच्या शाळेत तेव्हा दिवाळी झाली की निम्मा वर्ग टोळ्यांबरोबर ऊसाला जायचा. वसंतात पोरं परत यायची, तर जागा भरलेली. वर्गात कुणी उठून जागा देत नाही, पोराला मागायची लाज वाटते. दोन दिवस लिंबाखाली घुटमळायचं, तिसऱ्या दिवशी शेळ्यांमागं जायचं. जागा गेली की शाळा गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी एक रीत पाडली. जाणाऱ्यानं वर्गात उभं राहून म्हणायचं, "कीप माय प्लेस." वर्गानं म्हणायचं, "वुई विल कीप इट." मग ती जागा त्याची. तो स्वतः परत येऊन बसेपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही, आणि ती सोडायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही. मराठीत मी मुद्दाम 'धरणं' न म्हणता 'राखणं' म्हणायचो. धरलेल्या जागेवरून भांडणं होतात. राखलेल्या शेतात कुणी शिरत नाही.

मीना द्वारकाबाईची लेक. असं पोरगं मास्तरच्या नशिबी एखादंच येतं. कीपचं वाक्य कर म्हटलं तर तिनं लिहिलं, विहीर आभाळ राखते. मी लाल पेनानं चूक काढली, आणि घरी येऊन जेवताना मला वाटलं, अरे, चूक कसली, बरोबर तर आहे. ती खिडकीखाली बसायची. त्या वर्षी ती ठसक्यात उभी राहून जागा राखायला सांगून गेली, आणि मार्चमध्ये टोळ्या यायच्या आधीच माझी बदली भोकरदनला झाली. आता तिशी ओलांडली असेल. नर्स व्हायचं म्हणायची. झाली असेल, लेकरंबाळं असतील.

आमच्या खात्यात मास्तरची बदली झाली की त्याची रीत दुसऱ्या दिवशी मरते. तुझ्या शाळेत ती अजून चालू आहे, आणि पोरांनी तिला मीनाचं नाव दिलंय, हे वाचून मला कसं वाटलं ते सांगता येत नाही. 

पण रूपालीची जागा का राखली नाही? विचार. आणि मीना कुठे असते तेही विचार. तिला सांग, गुरुजी आठवण काढतात.

मामा

वडीगोद्री
५ ऑगस्ट २०२५

मामा, जय भीम.

उशीर झाला. पावसानं टपालही रखडलं आणि मीही.

विचारलं. मीना गावात नाही. द्वारकाबाई आहेत, बऱ्या आहेत. त्यांचा मुलगा जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे. रूपाली जाताना वाक्य म्हणायचं विसरली, म्हणून तिची जागा राहिली. बाकी विशेष नाही.

एक गोष्ट मात्र सांगते, हसू नका. आपल्या घरात नवस नाही, अंगारा नाही, भूत तर उंबऱ्याशीही फिरकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोरांची डोकी मोजताना मला हल्ली एक जास्त येतं. परत मोजलं की बरोबर येतं. वह्या वाटताना एक हातात उरते, आणि ती परत गठ्ठ्यात ठेवायला जिवावर येतं.

परवा तर कमाल झाली. मी कीपचा दुसरा अर्थ विचारत होते. बोट फिरवत फिरवत खिडकीशी आले आणि म्हटलं, "हं, तू सांग." बोट रिकाम्या जागेकडे होतं. मी हात मागे घेणार, तर वर्ग गप्प झाला. सगळी पोरं तिकडे बघत होती. एखाद्या पोराला आठवायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे थांबले. मग पुढच्या मुलानं शांतपणे उत्तर दिलं, जणू आधीच्या मुलीला आलं नाही म्हणून त्याची पाळी आली. मामा, घाबरलं कुणीच नव्हतं. 

तब्येत जपा. खोकला कसा आहे?

सुमेधा

धावडा
१९ ऑगस्ट २०२५

सुमेधा,

खोकला आहे तिथेच आहे. त्याचं सोड.

मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या. ज्या पोरानं उत्तर ढापलंय त्याचं अक्षर सुंदर येतं. तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद तसाच आहे. एरवी तू मला चाचीच्या कोंबडीचीही हकिकत लिहितेस, आणि मीनाबद्दल एवढंच, की गावात नाही? लग्न कुठे झालं ते नाही, लेकरं किती ते नाही. आणि 'बाकी विशेष नाही' हे तर आपल्या घरात फक्त विशेष असतं तेव्हा लिहितात.

कीपचा एक प्रयोग मी तुला शिकवला नव्हता. एखाद्यापासून गोष्ट राखून ठेवणं, त्यालाही कीपच म्हणतात. बहुतेक वेळा प्रेमानंच करतात. पण मला नको. मी म्हातारा झालोय, कच्चं मडकं नाही. काय असेल ते सरळ लिही.

त्या रिकाम्या जागेकडे पोरं का बघत होती?

मामा

वडीगोद्री
७ सप्टेंबर २०२५

मामा,

बसून वाचा. मामींना जवळ बोलवा.

मीना त्या वर्षी ऊसावरून परत आलीच नाही. भरलेल्या ट्रॉलीवर, ऊसाच्या वर बसून चालली होती. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या, तिला झोप लागली, ती खाली पडली. द्वारकाबाई तेव्हा तिकडच्याच दवाखान्यात बाळंतीण होत्या. आता जालन्याला असतो तो मुलगा तेव्हाचा. त्यांना कळेपर्यंत टोळीनं मीनाला कुठल्याशा नदीच्या काठी जाळलं आणि दुसऱ्या दिवशी टोळी पुढच्या फडावर गेली. नवरा होता तोवर तो नीट सांगू शकायचा नाही, आता तोही नाही. द्वारकाबाईंना लेकीची राखसुद्धा दिसली नाही.

हे सगळं गावाला माहीत आहे. तुम्ही बदलून गेला होतात, तुम्हाला कळवणार कोण?

वसंतात टोळी परत आली तेव्हा वर्गानं तिची जागा रिकामी ठेवलेलीच होती. तुम्हीच सांगितलं होतं, ती स्वतः येऊन बसेपर्यंत कुणी बसायचं नाही. ती आली नाही, म्हणून कुणी बसलं नाही. त्या वर्गानं पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. आणि मामा, मी तुम्हाला खोटं लिहिलं. रूपाली वाक्य म्हणायचं विसरली नव्हती. मी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते म्हनलं की मानूस वापस येत न्हाई, मॅडम." मीनानंतर एकाही पोरानं जाताना 'कीप माय प्लेस' म्हटलेलं नाही. सगळी गुपचूप जातात, आणि जागा घालवून येतात. तुमची रीत चालू नाही. तिची एवढी एक फरशी उरलीय.

खिडकीचंही सांगते. दुपारी खिचडीच्या वेळेला द्वारकाबाई बाहेरून येऊन गजाला धरून उभ्या राहतात. आत कधी येत नाहीत. जागेकडे बघतात, जरा वेळानं जातात. बारदान जुनं झालं की नवीन घडी गजातून आत देतात, आणि कुठलंही पोर ती न बोलता जागेवर ठेवतं. पोरं तिकडे बघतात ती भीतीनं नाही. ती जागा कुणाची तरी आहे हे त्यांना आपल्या बापाच्या नावासारखं पक्कं ठाऊक आहे.

आता माझा पेच. रूपालीची आई बेबीनंदा सांगून गेली, दिवाळी झाली की पोरगी पुन्हा ऊसाला जाणार. धाकटं लेकरू सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी लागतं. मी रूपालीला म्हटलं, तू राहा, शाळा सोडू नकोस. ती म्हणाली, "कशासाठी राहू? मला हितं बसाया जागाच न्हाई." ती यंदा गेली की पुन्हा उंबऱ्यावरही येणार नाही, हे मला दिसतंय.

तिला ती जागा द्यायची तर द्वारकाबाईंकडून त्यांच्या लेकीचं उरलंसुरलं ठिकाण काढून घ्यायचं. न द्यायची तर जिवंत पोरगी हातची जाते. मी काय करू, मामा? तुम्हाला हे कळवू नये म्हणून मी महिनाभर झुरले, आणि आता तुम्हालाच विचारतेय.

सुमेधा

धावडा
२८ सप्टेंबर २०२५

सुमेधा,

इतके दिवस उत्तर लिहिता आलं नाही. कागद घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. तुझी मामी शेवटी म्हणाली, पोरगी वाट बघत असेल.

माझ्या मनात ती मोठी होत गेली होती. दर जूनमध्ये शाळा उघडली की मला वाटायचं, आता दहावीला असेल, आता नर्सिंगला असेल. भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात एक उंच नर्स होती, तिला मी एकदा नावही विचारलं. आता मला त्या सगळ्या वर्षांमधून तिला परत लहान करावं लागतंय, आणि ते मला जमत नाही. मी रडतो, सुमेधा. या वयात लाज कसली.

मी यायला निघालो होतो. जालन्यापर्यंत बसचा प्रवास, पुढे दुसरी गाडी, आणि गुडघे असे. मुलानं अडवलं. कदाचित बरं केलं. मी त्या खिडकीसमोर उभा राहून काय करणार होतो?

तुला मास्तर म्हणून सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. एवढंच कळतं की द्वारकाबाईला न विचारता ती जागा हलवू नकोस, आणि रूपालीला जाऊ देऊ नकोस. दोन्ही कसं करायचं ते मला माहीत नाही. तू तिच्या घरी जा. माझ्या वतीनं काही बोलू नकोस. समजूत तर मुळीच घालू नकोस. नुसती जाऊन बस.

मामा

वडीगोद्री
९ नोव्हेंबर २०२५

मामा, जय भीम.

मी गेले. तुम्ही म्हणालात तशी नुसती बसले. द्वारकाबाई तुरीच्या शेंगा निवडत होत्या. मीही हात लावला. बऱ्याच वेळानं त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, लोकांना वाटतं मला येड लागलं, पोरगी येईल म्हणून मी खिडकीत उभी राहते. "ती यायची न्हाई, मला कळतं बाई. पर तिला कुठं जाळलं मला म्हाइत न्हाई. मंग मी जाऊ कुठं?"

मी रूपालीचं सगळं सांगितलं. मागितलं काही नाही. त्यांनीही काही कबूल केलं नाही. मी उठले आणि आले. मला वाटलं, संपलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात एका दुपारी त्या आल्या. खिडकीशी नाही, दारातून. उंबऱ्यावर रूपाली होती, तिला ओलांडून आत आल्या.  त्यांनी बारदान उचललं, झटकलं, परत नीट अंथरलं आणि रूपालीला हाक मारली. ती येईना. तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून आणलं आणि तिथे बसवलं. म्हणाल्या, "बस. पर हितं जी बसन, तिनं ऊसाला जायचं न्हाई." पोरं या वेळी सरकली नाहीत.

बोलणं सोपं होतं, मामा. संध्याकाळी मी आणि द्वारकाबाई रूपालीच्या घरी गेलो. तिचा बाप सर्जेराव वाईट माणूस नाही, पण त्याचा सवाल खरा होता. टोळीत माणसं मोजून ठरलेली. लेकरू कोण बघणार, भाकरी कोण करणार? मी म्हटलं, रूपालीचं जेवण-राहणं माझ्याकडे. चाचीनंही सांगून ठेवलं होतं, एक खाट जास्त टाकू. तो म्हणाला, "तिचं भागलं. आमचं कसं भागन?" द्वारकाबाई म्हणाल्या, मी येते.

 बेबीनंदाला रडू फुटलं. ती म्हणाली, मावशी, या वयात तुम्ही कशाला? द्वारकाबाई म्हणाल्या, लेकरू सांभाळायला वय लागत नाही. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "त्याच अंगाला जाऊन राह्यले ना हे. नदी तर दिसन."

भाऊबीजेनंतर टोळी निघाली. मी आणि रूपाली रस्त्यापर्यंत गेलो. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी, आणि त्यांत द्वारकाबाई, मांडीवर दुसऱ्याचं लेकरू घेऊन. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. रूपालीनं हातही हलवला नाही. पण रात्री तिनं चाचीच्या हातची खिचडी दोनदा मागून घेतली, एवढं मात्र मी बघितलं.

शाळा उघडली. रूपाली खिडकीखाली बसते. अक्षर चांगलं आहे, वाक्यं जपून करते, चुकायला घाबरते. मी तुमच्यासारखा लाल पेन वापरत नाही.

एक राहिलं. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ती अंग चोरून, बारदानाच्या एका कडेला बसते. अर्धं बारदान मोकळं. पाय भिंतीला घासतात, वही मांडीवर मावत नाही. मला वाटलं, पोरगी अजून बिचकतेय. तास संपल्यावर तिला म्हटलं, जागा तुझीच आहे, मोकळी बस.

ती म्हणाली, "तिचीबी माय ऊसाला गेली, मॅडम. दोघी बसतो."

 सुट्टीआधी तपासलेल्या वह्या वाटायच्या होत्या, त्या वाटल्या.

तुमची,
सुमेधा